खड्डा, क्रेन आणि साडेपंचवीस हजार लिटर

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वीस बाय दहाचा कितीला पडेल?" पलीकडचा माणूसही सरावलेला असतो. "शेल चार-पाच लाखांपासून पुढे, साहेब. क्वालिटीवर आहे." आकडा ऐकून विचारणाऱ्याला हायसं वाटतं, बऱ्यापैकी चारचाकीला याहून जास्त पैसे पडतात. पुढे पोहण्याच्या तलावात प्रत्यक्ष पाणी भरेपर्यंत तोच आकडा दुप्पट होतो, जागा अडचणीची असेल तर त्याच्याही पुढे जातो. यात कोणी कोणाला फसवलेलं असतंच असं नाही. विचारलं होतं शेलबद्दल, म्हणजे तलावाच्या फायबरग्लासच्या तयार भांड्याबद्दल, उत्तर मिळालं भांड्याचं. खड्डा कोणी खणायचा, खाली दगड लागला तर काय, भांडं अंगणात उतरवायचं कसं आणि भरायचं कुठल्या पाण्याने, हे प्रश्न फोनवर निघालेच नव्हते.

पुण्याच्या बिबवेवाडीत नेमके हेच प्रश्न जास्त टोचतात. मार्केट यार्डच्या दक्षिणेला आणि सातारा रस्त्याच्या पूर्वेला पसरलेली ही वस्ती हळूहळू डोंगराच्या अंगावर चढत गेली. सखल भागात जुन्या सोसायट्यांचे बंगले आणि रो-हाउस, गंगाधामच्या बाजूला उंच इमारती, वर अप्पर इंदिरानगरची दाट घरं. बंगला असला तरी प्लॉट एकरांत मोजायचा नसतो, गुंठ्यांत मोजायचा असतो. दोन गुंठे म्हणजे २१७८ चौरस फूट. त्यातून घर, पार्किंग, पाण्याची जमिनीखालची टाकी आणि नारळ-आंब्याची दोन झाडं वजा केली, की उरते ती घरामागची किंवा बाजूची एक पट्टी. तलाव येणार तो या पट्टीत. म्हणून इथे पंचवीस मीटरच्या तलावाची स्वप्नं कोणी बघत नाही. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, साडेचार फूट खोल, एवढ्यावर बोलणं येऊन थांबतं. पुढचा सगळा हिशोब याच मापावर धरला आहे. हे माप किरकोळ वाटतं, पण त्यात ९०० घनफूट, म्हणजे सुमारे साडेपंचवीस हजार लिटर पाणी मावतं.

पाणी एका जागी धरून ठेवणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी अडचण. मोहेंजोदडोचं महास्नानगृह साधारण बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आतबाहेर खोल. तिथल्या गवंड्यांनीही विटांच्या मागे डांबराचा थर दिला होता, कारण नुसतं बांधकाम पाणी धरत नाही. काँक्रीटच्या तलावाचं आजही तेच आहे. सळई, काँक्रीट, वॉटरप्रूफिंग, त्यावर टाइल्स आणि टाइल्सच्या सांध्यात ग्राउट. एवढे थर देऊनही पाच-सात वर्षांत कुठेतरी बारीक चीर जाते आणि पाण्याची पातळी रोज अर्धा इंच का उतरते याचा शोध सुरू होतो. फायबरग्लासचा दावा इथेच मोठा आहे. सांधाच नाही, तर गळणार कुठून?

काचेचे धागे आणि राळ यांचा हा जोड १९३० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आला. आधी बोटी झाल्या, १९५३ मध्ये शेव्हरोलेने कॉर्व्हेट मोटारीची बॉडी त्यात काढली, आणि पोहण्याचे तलावही त्यातूनच निघाले. आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या आल्या, तेव्हा कोळीवाड्यांना या मालाचे गुण आणि खोड्या दोन्ही कळल्या. हलका, कुजत नाही, वाळवी लागत नाही, डागडुजी सोपी. पण काम घाईत केलेलं असेल तर थर सुटतात.

तलावाचं शेल तयार होतं ते उलटं, पालथ्या साच्यावर. साच्याला मेण चोळून पॉलिश करायचं, त्यावर आधी जेलकोट फवारायचा. पोहणाऱ्याच्या पायाला लागणारा निळा गुळगुळीत थर तो हाच, आणि त्याची जाडी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. त्यामागे राळेत भिजवलेले काचेच्या तंतूंचे मॅट एकावर एक चढवायचे. प्रत्येक थरावर कारागीर लोखंडी चकत्यांचा रोलर फिरवत राहतो, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला की उद्या तिथेच फोड येणार. स्टायरीनच्या वासाने शेडमध्ये डोळे चुरचुरतात. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात एफआरपीची, म्हणजे फायबरग्लासची कामं करणाऱ्या अशा शेड्स आहेत. गिऱ्हाइकाने एकदा तिथे जाऊन उभं राहावं. तासाभरात जे दिसतं ते कॅटलॉग दाखवत नाही.

किमतीचा मोठा फरक राळेत असतो. जेलकोटच्या लगेच मागचा थर व्हिनाइल एस्टर राळेचा असेल तर पाणी आत झिरपून फोड येण्याचा धोका बराच कमी होतो. त्याखालोखाल आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर. सगळ्यात स्वस्त ती साधी ऑर्थो राळ. पाण्याच्या टाक्या, पत्रे, मंडपाच्या कमानी यांना ती चालते, बारा महिने क्लोरीनच्या पाण्यात राहणाऱ्या भिंतीला नाही. आणखी पैसे वाचवायचे असतील तर राळेत खडूची पूड मिसळतात. शेल जाड दिसतं, टिचकी मारली की भरीव वाजतं, पण त्या जाडीत काचच कमी असते. म्हणून "किती एमएम?" या प्रश्नापेक्षा "पहिल्या थराला कुठली राळ, आणि मॅटचे थर किती?" हा प्रश्न विचारलेला बरा. वीस बाय दहाचं नीट केलेलं शेल सध्या ढोबळमानाने चार ते सात लाखांत येतं. याच्या बरंच खाली कोणी सांगत असेल तर फरक राळेत किंवा काचेत गेला असं समजायला हरकत नाही.

राळ हे खनिज तेलाचं अपत्य, त्यामुळे तिचा भाव पुण्यात ठरत नाही. कोविडच्या काळात अमेरिकेत घरच्या तलावांची मागणी अचानक वाढली. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससला बर्फाच्या लाटेने गाठलं, तिथले रसायनांचे कारखाने बंद पडले आणि राळेचा तुटवडा झाला. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये लुइझियानात लॉरा वादळाच्या वेळी क्लोरीनच्या गोळ्या बनवणारा एक मोठा कारखाना जळाला होता. ज्यांनी हौसेने तलाव मागवले, त्यांना आधी शेलसाठी थांबावं लागलं आणि मग क्लोरीन महाग घ्यावं लागलं.

आता खड्डा. शेलच्या भोवती भरावाला जागा आणि तळाशी थर धरला तर बावीस बाय बारा, खोली सव्वापाच फूट. हे झाले १३८६ घनफूट, म्हणजे जवळपास चौदा ब्रास. खणलेली माती फुगते, तेव्हा डंपरमध्ये भरताना ती अठराच्या आसपास भरते. वरची काळी माती आणि मुरूम जेसीबी एका दिवसात काढतो. पण पुणं बसलं आहे ते बसाल्टवर. डोंगराच्या बाजूला सरकावं तसा मुरमाचा थर पातळ होत जातो आणि दोन-तीन फुटांवर कातळ वाजायला लागतो. मग पोकलेनला ब्रेकर लावावा लागतो. त्याचा दर तासावर, आणि कातळ किती तास खाईल ते आधी कोणी छातीठोकपणे सांगत नाही. त्याच वेळी शेजारच्या घराच्या खिडक्या थरथरतात, दुपारी झोपणारे आजोबा गॅलरीत येऊन उभे राहतात, आणि भिंतीला आधीपासून असलेली भेगसुद्धा तुमच्याच खात्यावर जमा होते. काम सुरू होण्याआधी शेजाऱ्यांच्या भिंतींचे फोटो काढून ठेवणारे कंत्राटदार असतात. ते अनुभवाने शहाणे झालेले असतात. मुरूमच असेल तर खोदाई आणि राडारोडा उचलणं चाळीस-पन्नास हजारांत आटोपतं, कातळ लागला तर दीड लाखाची तयारी ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट वाटेची. तलाव घरामागे हवा आणि घराच्या कडेने मागे जायला पाच-सहा फुटांची बोळ. तिथून नेहमीचा जेसीबी जात नाही. मिनी पोकलेन आणावा लागतो, नाहीतर गडी लावून घमेल्यांनी माती काढावी लागते आणि दिवसाचं काम आठवड्यावर जातं.

खणलेल्या मुरमाचं करायचं काय, याला एक कायद्याची बाजूही आहे आणि तिचा मुख्य खटला पुण्याचाच. बांधकामासाठी खणलेली माती त्याच जागेत भरावाला आणि सपाटीकरणाला वापरली तरी सरकार गौण खनिजाचं स्वामित्वधन मागू शकतं का, हा वाद प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन ऑफ पुणे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की नुसतं खणलं म्हणून स्वामित्वधन लागत नाही, त्या मातीचा वापर कशासाठी झाला हे बघावं लागेल. बागेत, अंगणात जेवढा मुरूम जिरवता येईल तेवढा जिरवावा. बाहेर जाणाऱ्या डंपरची जबाबदारी कोणाची, ते कंत्राटदाराकडून लेखी घ्यावं.

शेल रस्त्याने येतं, आणि रस्त्यालाही स्वतःचं माप असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत, म्हणजे साधारण साडेआठ फूट. दहा फुटी शेल आडवं ठेवलं तर बाजूंनी बाहेर येतं. मग ते तिरकं किंवा उभं बांधून आणतात. उभं आणलं की वर केबलच्या आणि विजेच्या तारा. जड वाहनांना शहरात दिवसा मुक्त प्रवेश नाही, त्यामुळे अशी गाडी महामार्गाने वळसा घालून रात्री किंवा पहाटे येते, कात्रजच्या बाजूने उतरते आणि शेवटचे दोनशे मीटर सगळ्यात अवघड जातात: सोसायटीची कमान, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या, गुलमोहराची खाली आलेली फांदी. हे नको असेल तर पॅनलचा तलाव मिळतो. शेल तुकड्यांत येतं, बोल्ट आणि रबरी गॅस्केटने जोडतात आणि सांध्यांवर जागेवरच मॅट चढवतात. अरुंद गल्लीला हा उपाय ठीक आहे. मात्र ज्या 'सांधाच नाही' या गुणासाठी फायबर घ्यायचं तोच गुण इथे हातचा जातो.

क्रेनचा खर्च वजनावर ठरत नाही, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. या मापाचं शेल सहाशे-सातशे किलोंच्या घरात असतं, साधी हायड्रा क्रेन ते लीलया उचलते. अडचण पोहोचण्याची. तलाव समोरच्या अंगणात असेल तर हायड्राच्या दिवसभाड्यात, दहा-बारा हजारांत काम होतं. शेल दुमजली घरावरून उचलून मागे उतरवायचं असेल तर लांब हाताची टेलिस्कोपिक क्रेन लागते, आणि तिचं भाडं तिप्पट-चौपट. ती उभी करायला अर्धा रस्ता अडवावा लागतो, तो वेगळा.

शेल खड्ड्यात बसलं की बघणाऱ्यांना वाटतं, झालं. कसबी माणसाचं काम इथून पुढे सुरू होतं. तळाशी पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, आणि त्यावर क्रश सँडचा थर आधीच लेव्हलमध्ये केलेला असतो. चार कोपऱ्यांवर लेव्हल ट्यूब धरून मिस्त्री पाहतो. अर्ध्या इंचाचा फरकसुद्धा पाणी भरल्यावर आयुष्यभर दिसत राहतो, कारण पाण्याची रेघ खोटं बोलत नाही. मग आत पाणी आणि बाहेर भराव हे दोन्ही एकाच वेळी चढवायचे. आत फूटभर पाणी, बाहेर फूटभर बारीक खडी, खडी बांबूने चोपून बसवायची, मग पुढचा फूट. बाहेरचा भराव पुढे गेला तर भिंत आत फुगते, आतलं पाणी पुढे गेलं तर बाहेर. दिवसभर एक माणूस पाइपाच्या तोंडाशी आणि दुसरा घमेल्यापाशी, दोघांचं लक्ष एकमेकांकडे. जिथे खणलेली मातीच पुन्हा ढकलून वेळ मारून नेतात, तिथे पहिल्या पावसात माती बसते आणि कडेच्या फरशा खचतात. खडी महाग पडते, पण ती खचत नाही आणि पाणी खाली सोडते.

पाणी खाली सोडणं डोंगरउतारावर फार महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात वरचं पाणी मुरमातून पाझरत खाली येतं आणि कातळात खणलेल्या खड्ड्यात साठतं. तलाव भरलेला असेल तर काही बिघडत नाही. कोणी साफसफाईसाठी जुलैत तो उपसला, की शेल होडीसारखं वागायला लागतं. हिशोब साधा आहे: सहाशे किलोंचं रिकामं शेल आणि दोनशे चौरस फुटांचा तळ. कागदावर बाहेर दीड इंच पाणी साठलं तरी त्याला वर ढकलायला तेवढं पुरे. कडेचं काँक्रीट आणि भरावाचं घर्षण त्याला धरून ठेवतं म्हणून रोज अपघात होत नाहीत, इतकंच. यावर उपाय स्वस्त आहे. भराव करतानाच एका कोपऱ्यात तळापर्यंत जाणारा सहा इंची उभा पाइप सोडायचा. त्यात पाणी दिसलं की आधी तिथे पंप लावायचा आणि मगच तलाव उपसायचा. हजार-दोन हजारांचा हा पाइप न मागितल्यास बहुतेक कोटेशनांत नसतो.

आता बेरीज मांडू. शेल चार ते सात लाख. पंप, फिल्टर, स्किमर, दिवे मिळून एक ते दोन लाख. लहान तलावांना भिंतीवर अडकवायचा पाइपलेस फिल्टर चालतो आणि पाइपांचं जाळं वाचतं. खोदाई चाळीस हजार ते दीड लाख. वाहतूक आणि क्रेन पंधरा ते पन्नास हजार. पीसीसी, भराव, कडेचा पट्टा, भोवतीची फरशी दीड ते तीन लाख. वीजजोडणी आणि अर्थिंग तीस ते पन्नास हजार. कुंपण आणि आच्छादन तीस हजार ते लाख. सगळं मिळून पावणेआठ ते साडेपंधरा लाख, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे बिबवेवाडीत वीस बाय दहाचा फायबरग्लास तलाव नऊ लाखांच्या खाली नीट होणं अवघड, आणि अडचणीच्या जागी अठरा लाख सहज लागतात. एकूण खर्चात शेलचा वाटा निम्म्याच्या आसपास राहतो.

काँक्रीटचा तलाव याच मापाला साधारण याच पट्ट्यात पडतो, म्हणून पहिल्या दिवशीच्या किमतीवर तुलना करण्यात अर्थ नाही. फरक पडतो वेळेत आणि पुढच्या वर्षांत. काँक्रीटला क्युरिंग धरून दोन-तीन महिने जातात. फायबरचं खड्ड्यापासून पाण्यापर्यंत दोन-तीन आठवड्यांत होतं. फायबरच्या गुळगुळीत भिंतीवर शेवाळ कमी धरतं, घासावं कमी लागतं, रसायनंही थोडी कमी लागतात. उलट काँक्रीटला हवा तो आकार देता येतो. फायबरमध्ये कारखान्याच्या साच्यात जो आकार असेल तोच आपला. पंधरा-वीस वर्षांनी जेलकोट फिका पडतो आणि पुन्हा चढवावा लागतो. लहान, चौकोनी, घरगुती तलावाला फायबर, मोठ्या किंवा वेड्यावाकड्या जागेला काँक्रीट, एवढा निवाडा करायला फार डोकं लागत नाही.

गच्चीचा मोह मात्र वेगळाच. अंगण नाही, गच्ची आहे, आणि विक्रेता सांगतो की फायबर हलकं असतं. फायबर हलकं असतं, पाणी नाही. साडेचार फूट पाणी दर चौरस मीटरला जवळपास १३७० किलोंचा भार टाकतं. भारतीय मानकांप्रमाणे लोकांची ये-जा असलेली गच्ची साधारण १५० किलोंचा चल भार धरून आखतात. नऊपट फरक. 'स्लॅब जाड आहे आमचा' या एका वाक्यावर साडेपंचवीस टन वर चढवणाऱ्याला थांबवायलाच हवं. नव्या इमारतीत आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट मुळातच त्यासाठी खांब-तुळया आखतात, तो प्रकार निराळा. जुन्या रो-हाउसच्या गच्चीवर फार तर गुडघाभर पाण्याचा मुलांचा टब, तोही स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घेऊन.

परवानगीचा विषय लोक शेवटी काढतात, काढायला हवा पहिल्यांदा. मंजूर नकाशात तलाव नसेल तर तो सुधारून घ्यावा लागतो. सामासिक अंतरात काय चालतं आणि किती सोडावं लागतं हे २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीच्या आधारे परवानाधारक आर्किटेक्टच सांगू शकतो. बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला डोंगरमाथा-डोंगरउताराचं बंधन आहे. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम चालत नाही. खड्डा म्हणजे बांधकाम नव्हे, असा युक्तिवाद करून पाहणारे असतात. तो महापालिकेत फार काळ टिकत नाही.

सगळ्यात नाजूक खर्च पाण्याचा, आणि तो पैशांत पूर्ण मोजता येत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी नळाने शहरात आणलं आणि पेठांमधल्या हौदांत सोडलं. अख्खी पेठ एका हौदावर पाणी भरायची. आज शहराची भिस्त खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर आहे. ती पूर्ण भरली की २९.१५ टीएमसी होतात, आणि त्यातूनच दौंड-इंदापूरच्या शेतीलाही द्यायचं असतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवण्याची इथे सवय आहे, आणि चढावरच्या घरांना शुक्रवारीही नळ कमी दाबाने येतो. शहरी पाणीपुरवठ्याचा मान्य निकष माणशी दिवसाला १३५ लिटर. या निकषाने एका तलावाचं पाणी म्हणजे चौघांच्या कुटुंबाचं दीड महिन्याचं पाणी झालं. ते एकदाच भरायचं, हे खरं. अडीच टँकरमध्ये भरतं. पण एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उघड्या पाण्यावरून दिवसाला आठ मिलिमीटर उडून जाणं काही विशेष नाही. दोनशे चौरस फुटांवर ते सुमारे दीडशे लिटर. म्हणजे घरात कोणी पोहलं नाही, तरी तलाव स्वतःच एका माणसाहून जास्त पाणी रोज पितो. आच्छादन घातलं की ही गळती बरीच रोखली जाते. म्हणून वरच्या बेरजेतलं आच्छादन चैनीत धरलेलं नाही.

दुष्काळी वर्षी तर हा घरगुती मामला राहत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले, त्यात पुण्याच्या गहुंजेच्या मैदानावरचेही आले. खेळपट्टीला मारायच्या पाण्यावरून एवढं झालं. टँकरच्या रांगेसमोर कोणाच्या अंगणात निळं पाणी चमकत असेल, तर सोसायटीच्या सभेत त्याचा उल्लेख होणारच. बोअरचं पाणी वापरू म्हणावं, तर ते बहुधा जड असतं. क्षार जेलकोटवर पांढरे बसतात आणि पंपाच्या पोटातही.

महिन्याचा खर्च त्यामानाने सरळ आहे. एक अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालवला तर साडेचार युनिट, महिन्याला सव्वाशे-दीडशे. घरचा वापर आधीच तीनशेच्या पुढे असेल तर महावितरणच्या वरच्या टप्प्याचा दर लागतो, दीड ते अडीच हजार धरा. क्लोरीन, आम्ल, तुरटी मिळून तेवढेच. सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणि मोकळं क्लोरीन लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम, हे घरच्या घरी किटवर पाहता येतं; तरी बहुतेक जण आठवड्यातून दोन-तीनदा येणारा माणूस ठेवतात आणि त्याचे तीन ते सहा हजार होतात. वर्षाला लाखाच्या आसपास. पुण्याच्या थंडीत डिसेंबर-जानेवारीत बिनतापवलेल्या पाण्यात कोणी उतरत नाही, पावसाळ्यात हौस ओसरते. खरा वापर फेब्रुवारीअखेरपासून जूनपर्यंत, आणि थोडा ऑक्टोबरात. पंप मात्र बारा महिने चालवावा लागतो, नाहीतर डास आणि शेवाळ.

पोहण्याच्या दृष्टीने पाहिलं तर वीस फुटांत मोठ्या माणसाचे चार हात होत नाहीत तोच भिंत येते. जुन्या पुणेकरांनी पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत उड्या टाकल्या, त्यांच्या मुलांनी डेक्कन जिमखान्याच्या टिळक तलावावर हात-पाय मारले; ज्याला खरोखर पोहायचं आहे, त्याला आजही तसाच लांब तलाव लागेल. घरचा तलाव डुंबायचा, नातवंडांचा, गुडघे दुखणाऱ्या आजीने पाण्यात चालण्याचा. त्या कामाला तो उत्तम आहे. तेवढ्यासाठी नऊ ते अठरा लाख आणि वर्षाला लाख ज्याला जड नाहीत, ज्याच्याकडे जमिनीवरची पट्टी आहे आणि घरात रोज पाण्यात उतरणारं कोणी आहे, त्याने जरूर करावा. पाहुण्यांना दाखवायला करणाऱ्यांचे तलाव तिसऱ्या उन्हाळ्यात हिरवे होतात.

मुलं असलेल्या घरी कुंपण आणि कुलूप लावायचं फाटक यात तडजोड नको. लोणावळ्याच्या भाड्याच्या बंगल्यांतल्या तलावांत लहान मुलं बुडाल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात, आणि तिथले तलावही काही फार खोल नसतात. पाण्यातले दिवे बारा व्होल्टचे, आणि पूर्ण जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी.

ॲडव्हान्स देण्याआधी कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं, यावर जाणत्यांचं फारसं दुमत नाही. राळेचा प्रकार आणि थर, भराव खडीचा की मातीचा, कोपऱ्यातला सहा इंची पाइप, क्रेन कोणाची, राडारोडा कोण उचलणार, पहिलं पाणी कोणाचं. हमी शेलपुरती आहे की बसवण्याच्या कामालाही, हे वेगळ्या ओळीत. आणि कातळ लागल्यास खोदाईचा ब्रासमागचा दर आधीच आकड्यात. तो राहून गेला, तर ब्रेकर सुरू झाल्यावर भाव कंत्राटदार सांगेल तो. तोवर खड्डा अर्धा झालेला असतो आणि शेलची गाडी भोसरीहून निघालेली असते.